चुंबकी कुलूप आणि आतला माणूस

गेल्या पालकसभेत एका गृहस्थांनी उभे राहून असे सुचविले की, आपल्या शाळेच्या सर्व दारांस आता विजेवर चालणारी चुंबकी कुलुपे बसवावीत. ती हल्ली स्वस्त झाली आहेत, बँकांतून व कचेऱ्यांतून सर्रास दिसतात. ज्याच्यापाशी कार्ड असेल तोच आत येईल, म्हणजे आम्हां पालकांस घोर उरणार नाही. सभेने टाळ्या वाजवून या सूचनेचे स्वागत केले. मी त्या वेळी गप्प बसलो, कारण विषय दोन वाक्यांत उरकण्याजोगा नव्हता, आणि टाळ्यांच्या कडकडाटात 'परंतु' म्हणून उठणारा मनुष्य कोणासही आवडत नाही. तो 'परंतु' मी या वार्षिकाच्या पानांसाठी राखून ठेवला.

पालकांचा घोर खोटा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. कळमन्यात राहणाऱ्यास तो समजावून सांगावा लागत नाही. पहाटेपासून बाजार समितीच्या आवारात धान्याचे, मिरचीचे, संत्र्यांचे ट्रक येऊ लागतात. दूरदूरच्या गावांची माणसे येतात आणि जातात. रस्त्यावरून चालणाऱ्या शंभरांतील नव्वद चेहरे आपल्या ओळखीचे नसतात. अनोळखी म्हणजे वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील त्याच बाजारात घाम गाळून त्यांची फी भरतात. तथापि शाळेच्या आवारात कोण शिरतो हे शाळेस ठाऊक असले पाहिजे, ही अपेक्षा रास्त आहे. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात बदलापूर येथील शाळेतील दुःखद प्रकरण उघडकीस आल्यावर राज्य सरकारने शाळाशाळांतून कॅमेरे बसविणे अनिवार्य केले, आणि तेव्हापासून दारे, कुलुपे, पहारेकरी यांची चर्चा घरोघर होऊ लागली. मात्र त्या प्रकरणातील आरोपी बाहेरून शिरलेला नव्हता, शाळेतच कामास होता, ही गोष्ट या चर्चेत बहुधा निसटते. अशा माणसाच्या खिशात कार्ड असतेच. तेव्हा कुलुपाकडून किती अपेक्षा करावी याची मर्यादा प्रथमच ओळखून ठेवलेली बरी.

आता हे कुलूप असते तरी कसे ते विद्यार्थिमित्रांसाठी सांगतो. १८२० साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड या शास्त्रज्ञास असे आढळले की, तारेतून वीज वाहू लागताच जवळच्या होकायंत्राची सुई हलते. पुढे पाचच वर्षांनी विल्यम स्टर्जन या इंग्रज गृहस्थाने लोखंडाच्या नालाकृती तुकड्याभोवती तार गुंडाळून पहिला विद्युच्चुंबक लोकांस दाखविला. सुमारे दोनशे ग्रॅम वजनाच्या त्या तुकड्याने चार किलो वजन उचलून धरले. आजचे चुंबकी कुलूप हे त्या तुकड्याचेच वंशज होय. दाराच्या चौकटीच्या वरच्या आडव्या भागास, म्हणजे सुतार ज्यास गणेशपट्टी म्हणतात तेथे, विद्युच्चुंबक बसवितात आणि दाराच्या फळीवर त्याच्यासमोर लोखंडी पट्टी. वीज चालू असेतो पट्टी चुंबकास चिकटलेली राहते. वीज तुटली की दार मोकळे. किल्ली नाही, कडी नाही, कोयंडा नाही, झिजणारा किंवा गंजून अडकणारा खटका नाही. शेजारी कार्ड वाचणारे यंत्र असते. ओळखीचे कार्ड दाखविले म्हणजे ते काही सेकंदांपुरती वीज तोडते. सारी कथा एवढीच आहे.

वीज असेल तर बंद, वीज नसेल तर उघडे, हा या कुलुपाचा स्वभाव पुष्कळांस दोष वाटतो. 'दिवे गेले की चोराची चंगळ!' असे एका पालकांनी मला म्हटलेही. वस्तुतः हाच त्याचा गुण होय, आणि त्याचा जन्मही याच गुणासाठी झाला. १९६९ साली कॅनडातील माँट्रिआल शहराच्या फोरम नावाच्या प्रचंड क्रीडागृहास दारे बंद ठेवावयाची होती. पण आग लागली तर प्रेक्षक कोंडले जातील म्हणून स्थानिक अधिकारी कुलुपांस हरकत घेत होते. त्या पेचातून सॅफिरस्टाइन नावाच्या गृहस्थांनी आजच्या पद्धतीचे चुंबकी कुलूप काढले. म्हणजे हे कुलूप जन्मले ते आतल्या माणसांस वेळप्रसंगी बाहेर पडता यावे म्हणून. आपण मात्र ते विकत घेताना केवळ बाहेरचा आत येणार नाही ना, एवढेच विचारतो.

आपल्या जुन्या वाड्यांची दारे आठवा. त्या अजस्र दारामागे भिंतीच्या खोबणीतून सरकणारा अडसर असे. बाहेरून चार माणसांनी खांदा लावला तरी दार हलावयाचे नाही. पण आतली आजीबाई अडसर मागे सारून ते उघडू शके. तिला किल्ली लागत नसे, कोणाची परवानगी लागत नसे. दार कोणासाठी बंद व कोणासाठी उघडे, याचा विवेक त्या लाकडी ओंडक्यात होता. याच्या उलट चित्र रायगडच्या हिरकणीच्या आख्यायिकेत आहे. दूध घालावयास गेलेली ती गवळण गडावर कोंडली गेली, कारण सूर्यास्तास बंद झालेली दारे तिच्या तान्ह्या मुलासाठीही उघडणार नव्हती. आपण तिच्या धाडसाचे पोवाडे गातो, आणि गावेतच. परंतु अंधारात कडा उतरण्याची पाळी तिजवर का आली, हे आपण मुलांस क्वचितच विचारतो.

मला हा प्रश्न पुस्तकातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या कामानिमित्त मी एका संस्थेत गेलो होतो. दुसऱ्या मजल्यावरील संगणककक्षात एकवीस विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होती. दारास असेच कुलूप होते. परीक्षा आटोपली, एका मुलाने दाराजवळचे हिरवे बटन दाबले, दार उघडेना. दुसऱ्याने दाबले, मग मी दाबले. बाहेरचे कार्ड वाचणारे यंत्र गोठून बसले होते; त्याच्या पडद्यावर अक्षर उमटेना. काचेतून खूण केल्यावर शिपाईमामा धावत आले, त्यांनी आपले कार्ड चारदा दाखविले, व्यर्थ. मग त्यांस सुचले की वीज तोडावी. खाली जाऊन त्यांनी मुख्य खटका बंद केला. पंखे थांबले, दिवे गेले, आणि दार होते तसेच राहिले! मागाहून कळले की, वीज गेली तरी कुलूप सुटू नये म्हणून छताच्या वर एका पेटीत बॅटरी ठेवली होती, आणि ती आपले काम अगदी इमानाने करीत होती. शिडी आणेपर्यंत, पेटी सापडेपर्यंत आणि तार उपटेपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. एक मुलगी म्हणाली, "सर, सगळं बंद पडलं, दार तेवढं चालू आहे!" त्या वेळी आम्ही सारेच हसलो. रात्री मात्र मला झोप आली नाही. त्या खोलीत धूर असता तर पंचवीस मिनिटे म्हणजे किती, याचा हिशेब मी करीत राहिलो.

चूक कोठे झाली होती? कुलूप चांगले होते, बॅटरी चांगली होती, बसविणारा कारागीरही कुशल असावा. चूक जोडणीत होती. हिरव्या बटनाची तार थेट कुलुपाकडे न नेता कार्ड वाचणाऱ्या यंत्रात नेली होती. म्हणजे बटन कुलुपाची वीज तोडीत नसे, ते यंत्रास 'दार उघडा' अशी विनंती करीत असे. यंत्राने ऐकणेच सोडले तेव्हा विनंतीस अर्थ राहिला नाही. आणि वीज जाताच सुटण्याचा जो कुलुपाचा मूळ गुण, तो बॅटरी जोडल्याने नाहीसा झाला होता. त्याची भरपाई म्हणून आणीबाणीचा खटका बसवावयास हवा होता, तो खर्च वाचविण्यासाठी गाळला होता. काच किंवा पातळ झाकण दाबले की आतला संपर्क तुटतो व कुलुपाची वीज प्रत्यक्ष तारेतच खंडित होते, असा हा खटका असतो. यंत्र गोठो, बॅटरी भरलेली असो, मुख्य वीज चालू असो वा नसो, त्याच्यापुढे कोणाचे काही चालत नाही. सगळ्या सामानात तो सर्वांत स्वस्तांपैकी एक असतो, आणि गाळला जातो तो बहुधा हाच.

कोणी म्हणेल, गुरुजी एका लहानशा फजितीचा डोंगर करीत आहेत. तर मग ज्या फजिती ठरल्या नाहीत त्या घटना पाहू. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडातील संडरलंड गावी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी खेळ होता. शेवटी खाली बक्षिसे वाटली जात आहेत असे कळताच गॅलरीतील मुले जिन्यावरून धावली; जिन्याच्या तळाचे दार एका वेळी एकच मूल बाहेर पडेल इतके उघडे ठेवून खिळीने अडकविलेले होते. १८३ मुले चेंगरून मरण पावली. आग नव्हती, चोर नव्हता. केवळ दार होते. आतून नुसता दाब देताच उघडणारी आडवी दांडी आज मोठ्या सभागृहांच्या दारांवर दिसते; तिचे १८९२ चे पेटंट या घटनेने व्यथित झालेल्या ब्रिग्ज नावाच्या गृहस्थांचे होय. आपल्या देशात १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे गेली, ती मुख्यतः धुराने गुदमरून, बाल्कनीतून वेळेवर बाहेर पडता न आल्यामुळे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणम येथे एका शाळेच्या आगीत ९४ मुले दगावली. बाहेर पडण्यास अरुंद जिना होता. त्या घटनेनंतर न्यायालयात गेलेल्या अर्जावर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने देशातील शाळांस अग्निसुरक्षेविषयी आदेश दिले. राष्ट्रीय इमारत संहिता तर स्पष्टच सांगते की, बाहेर पडण्याचे दार ज्या बाजूच्या लोकांसाठी आहे त्या बाजूने ते किल्लीवाचून उघडता आले पाहिजे. वाड्याच्या अडसरात हेच तत्त्व होते. आता ते कायद्याच्या भाषेत लिहावे लागले इतकेच.

म्हणून माझे मत असे आहे: कुलूप किती घट्ट धरते यावर त्याची पारख करू नये, ते आतून किती निश्चितपणे सुटते यावर करावी, आणि काटकसर करावयाची ती धरण्यात करावी, सुटण्यात करू नये.

ही काटकसर कशी ती सांगतो, कारण आमच्या शाळेपाशी पैसा मोजकाच आहे. बाजारात मुख्यत्वे दोन वजनांची कुलुपे मिळतात: सहाशे पौंडांची, म्हणजे सुमारे २७० किलोंची ओढ सोसणारी, आणि बाराशे पौंडांची, म्हणजे त्याच्या दुप्पट. विक्रेता अर्थातच मोठे दाखवितो. शाळेतील साध्या खोलीस लहान पुष्कळ झाले. जो मनुष्य २७० किलोंची ओढ देऊ शकतो तो कुलपाशी न झगडता खिडकीचे गजच वाकवील. बारा व्होल्टवर असे कुलूप अदमासे अर्धा अँपिअर वीज घेते, म्हणजे सहा वॅट. गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे: महिनाभर अहोरात्र चालले तरी सव्वाचार युनिटांच्या आसपास. छताच्या पंख्याच्या दशांशही नाही. तेव्हा विजेच्या बिलाची भीती कोणी बाळगू नये. हात लावल्यास कुलूप कोमट लागते, त्यानेही घाबरू नये.

लहान कुलूप घेऊन वाचलेले पैसे मी तीन ठिकाणी घालीन. पहिले म्हणजे आणीबाणीचा खटका, त्याविषयी वर सांगितलेच. दुसरी गोष्ट चांगला वीजपुरवठा व बॅटरी. सात अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर चौदा तास पुरेल. प्रत्यक्षात यंत्रही तिच्यावरच जगते, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. ती पत्र्याच्या छपराखाली न ठेवता सावलीत, आणि मुख्य म्हणजे शिडीवाचून हाती लागेल अशी ठेवावी. तिसरी गोष्ट दार आपोआप लोटून बंद करणारा डोअर क्लोजर. चुंबकाला पट्टी भेटलीच नाही तर तो धरणार कोणाला? पुष्कळ कचेऱ्यांत हजारोंचे कुलूप आणि दार मात्र दोन बोटे उघडे, असे दृश्य मी पाहिले आहे.

बसविण्याच्या कामात एक बारकावा असा आहे की, कारागीर लोखंडी पट्टी फळीवर घट्ट आवळून टाकतो, कारण घट्ट ते चांगले अशी आपली सर्वांचीच समजूत. पट्टी मधल्या एका बोल्टावर, रबरी चकतीसह, किंचित हलती ठेवावयाची असते, म्हणजे ती चुंबकाच्या मुखावर आपोआप सपाट बसते. ती तिरकी राहिली तर मध्ये फट पडते, आणि फटीने चुंबकाची शक्ती किती घटते हे प्रयोगशाळेत पाहता येईल. खिळ्याभोवती तांब्याची तार गुंडाळा, सेल जोडा, टाचण्या उचला. मग खिळा व टाचणी यांच्यामध्ये वहीचा कागद धरा, दोन धरा, चार धरा, आणि दर वेळी टाचण्या मोजा. कळमन्यातील मुलांस हा प्रयोग विशेष उपयोगाचा, कारण आमच्याकडे बाजाराची धूळ, धान्याचा भुसा आणि मिरचीचा खकाणा वाऱ्याबरोबर थेट वर्गात येतो. तो पट्टीवर साचला तर सहाशे पौंडांचे कुलूप नावापुरते उरेल. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसणे पुरे. कानस लावू नये, रंग तर कदापि देऊ नये. आत उघडणाऱ्या दारास निराळ्या आकाराची पट्ट्यांची जोडणी लागते, आणि दुहेरी झडपांच्या जुन्या दारांस तर हे कुलूप घालण्यापूर्वी दहादा विचार करावा; एक झडप खिळीने कायम बंद करून ठेवण्याची पाळी येते, आणि मग संडरलंड आठवते.

कार्डांविषयी थोडेसे. सर्वांत स्वस्त कार्डांची नक्कल करणे अवघड नाही, आणि नक्कल करण्याचीही गरज नसते. मुले डबा जशी वाटून खातात तशी कार्डेही वाटून वापरतात. म्हणून काही पालक बोटांच्या ठशांचे यंत्र सुचवितात. माझा याला विरोध आहे. कार्ड हरवले तर नवे देता येते, बोट नवे देता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातही अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी अशी तरतूद केली आहे. संगणककक्षातील पंचवीस संगणकांसाठी आठशे मुलांच्या बोटांचे ठसे साठवून ठेवणे हा व्यवहार मला पटत नाही.

आता आमच्या शाळेपुरते. संगणककक्ष, रसायनशाळेचे भांडार आणि परीक्षेचे कागद ठेवण्याची खोली, या तीन दारांस चुंबकी कुलूप अवश्य बसवावे. वर्गांस मुळीच बसवू नये. ज्या खोलीत साठ मुले बसतात तिच्या दाराचा विजेशी काही संबंध नसावा. मुख्य फाटकावर यंत्रापेक्षा मनुष्य हवा, मुलांस नावाने ओळखणारा आणि येणाऱ्याचे नाव वहीत लिहिणारा. सर्वांत मतभेद होईल तो वसतिगृहाच्या रात्रीच्या दारावरून. मुली रात्री बाहेर पडू नयेत म्हणून तेथे कुलूप हवेच, असे अनेकांचे आग्रहाचे म्हणणे आहे, आणि त्यामागची माया मी जाणतो. परंतु झोपेतून दचकून उठलेल्या पंधरा मुलींस अंधारात कार्ड शोधावयास लावणारे दार मला नको. त्याऐवजी आतून दाब देताच उघडणारी दांडी आणि उघडताच अधीक्षिकाबाईंच्या खोलीत खणखणणारी घंटा बसवावी. बाहेरच्यास ते दार बंदच राहील. कोणी मुलगी बाहेर पडली तर बाईंस तत्काळ कळेल; पण दार तिला अडवणार नाही.

मुख्याध्यापकांनी जूनमध्ये पहिले कुलूप संगणककक्षास बसविण्याचे योजिले आहे, आणि पाहणीचे काम मजकडे सोपविले आहे. कारागिरास मी आधीच सांगून ठेवले आहे की, काम पुरे झाले म्हणजे कार्डयंत्राची तार काढून ठेवावयाची, मुख्य खटका पाडावयाचा, बॅटरी जोडलेलीच राहू द्यावयाची, खिडक्या लावून खोलीत अंधार करावयाचा, आणि पाचवीतील सर्वांत लहान मुलास आत उभे करून, काही न शिकविता, "बाळ, बाहेर ये" असे सांगावयाचे. तो बाहेर आला की बिलावर सही होईल.